स्लाइड आणि साक्ष

१९७९ साली न्यूयॉर्कमध्ये ‘विमेन अगेन्स्ट पोर्नोग्राफी’ ही संघटना उभी राहिली. लोकशिक्षणासाठी तिने दोन वाटा निवडल्या. एक, टाइम्स स्क्वेअर भागातल्या पोर्नच्या दुकानांतून बायकांना हिंडवून आणायचे. दुसरी, मासिके, जाहिराती आणि गाण्यांच्या तबकड्यांची वेष्टने यांवरची चित्रे स्लाइडवर दाखवून त्यांतली हिंसा उलगडायची. पुरुषांनी गुपचूप बघायच्या गोष्टी बायकांनी एकत्र बसून, एकमेकींशी बोलत बघितल्या, यात धैर्य होते. तरी मला या स्लाइड-शोमध्ये एक उणीव जाणवते. पडद्यावरची बाई इथेही मुकीच राहते. ती तिथे कशी आली, राजीखुशीने की धाकाने, हे स्लाइड सांगू शकत नाही. तिच्या वतीने बोलणारी दुसरीच कोणी असते आणि आपण, हेतू कितीही चांगला असला, तरी पुन्हा तिच्याकडे बघतच असतो.

म्हणून मला डिसेंबर १९८३ मधली मिनिआपोलिसची सुनावणी अधिक मोलाची वाटते. अँड्रिया ड्वॉर्किन आणि कॅथरीन मॅकिनन यांनी तिथल्या नगरपरिषदेसाठी एका वटहुकमाचा मसुदा केला होता. त्यावरच्या सुनावणीत बायका स्वतः बोलल्या. ‘डीप थ्रोट’ या १९७२ च्या चित्रपटातली लिंडा मार्कियानोही त्यांत होती. नवऱ्याने मारहाण करून, धाक घालून आपल्याकडून ते काम करवून घेतले, हे तिने १९८० साली आत्मकथनात लिहिले होतेच. लाखोंनी करमणूक म्हणून पाहिलेल्या दृश्यांना अशी दुसरी बाजू मिळाली. मसुद्यातही पोलिसी जप्ती नव्हती. जिचे नुकसान झाले तिने दिवाणी दावा लावावा, अशी योजना होती. अश्लील काय, हा प्रश्न बाजूला पडून इजा कोणाला झाली, हा प्रश्न पुढे आला.

वटहुकूम टिकला नाही. मिनिआपोलिसच्या महापौरांनी तो नाकारला; इंडियानापोलिसने १९८४ साली केलेला तसाच कायदा न्यायालयांनी रद्द ठरवला. अनेक स्त्रीवादी स्त्रियाही विरोधात होत्या. असे हत्यार शेवटी बायकांच्याच लेखनावर चालेल, ही त्यांची भीती मला रास्त वाटते. पण बदललेला प्रश्न कायद्याबरोबर बाद व्हायला नको होता.

आपल्याकडे तो फारसा पोचलाच नाही. १९६२ च्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकातल्या ‘शामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने चंद्रकांत काकोडकरांना निर्दोष ठरवले. (दिवाळी अंकाच्या वाचकांनी ही वंशावळ विसरू नये.) निकाल योग्यच होता. तिथे चर्चा झाली ती वाचणाऱ्याचे, विशेषतः तरुण वाचकाचे मन बिघडेल का, याची. कथेपुरती ती पुरेशी होती, कारण कथेतली नायिका कागदावरची. कॅमेऱ्यापुढची बाई मात्र हाडामांसाची असते, आणि तिच्याबाबतही आपण वाचकाच्या मनाचीच काळजी करत राहिलो.

गेल्या वर्षी तालुक्याच्या एका गावी मुलींसाठी झालेल्या ‘मोबाइलचे धोके’ या व्याख्यानाला मी मागे बसले होते. संस्कार, घराण्याची अब्रू, एकाग्रता, सगळे झाले. मग एका मुलीने विचारले, “सर, फोटो तिने काढू दिला, पण त्याने तो मित्रांना पाठवला, तर गुन्हा कोणाचा?” वक्ते म्हणाले, “म्हणून तर सांगतो, काढूच देऊ नये.” मुली हसल्या. विचारणारी खाली बसली.

उत्तर कायद्यात २०१३ पासून लिहिलेले आहे. भारतीय दंड संहितेच्या ३५४-क कलमाच्या स्पष्टीकरणात होते आणि आता भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमात आहे : खासगी क्षणाचे चित्र घ्यायला स्त्रीची संमती असली, पण ते इतरांना दाखवायला नसली, तर ते पसरवणे हा गुन्हा आहे. सभागृहात हे कोणी सांगितले नाही. मीही नाही, घरी येऊन कलम शोधले, तेव्हा मला ते कळले.