फुगाझी : पाच डॉलरच्या तिकिटामागचे संगीत

वॉशिंग्टनच्या फुगाझी या बँडचे नाव निघाले की आधी तिकिटाची गोष्ट निघते. कार्यक्रमाचा दर पाच डॉलरच्या आसपास, कोणत्याही वयाच्या श्रोत्याला प्रवेश, बँडच्या नावाचे टी-शर्ट विकायचे नाहीत, मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार करायचा नाही. या नियमांचे इतके कौतुक झाले आहे की संगीत त्यांच्या आड गेले. चाहते सचोटीला सलाम करतात, टीकाकार तिला सोवळेपणा म्हणतात. दोघेही नियम आणि गाणी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतात. माझ्या मते तिथेच गफलत होते. पोस्ट-हार्डकोर या प्रकाराला फुगाझीने जो आकार दिला, तो या नियमांनी मिळवून दिलेल्या सवडीतून घडला.

आधीची परिस्थिती पाहिली म्हणजे हे कळते. १९८० च्या सुमारास वॉशिंग्टनमध्ये हार्डकोर पंक उभे राहिले ते वेगावर: मिनिट-दीड मिनिटाची गाणी, ओरडून म्हटलेले शब्द. इयन मकायचा मायनर थ्रेट हा त्यातला अग्रणी बँड १९८३ मध्ये संपला. तोवर वेगाचा साचा झाला होता आणि स्टेजसमोरच्या धक्काबुक्कीची हाणामारी. १९८५ च्या उन्हाळ्यात गी पिचिओटो आणि ब्रेंडन कॅन्टी यांच्या राइट्स ऑफ स्प्रिंगसारख्या बँडांनी या साच्याला तडा दिला. मकाय, बासवादक जो लॅली आणि ड्रमवर कॅन्टी अशा तिघांनी ३ सप्टेंबर १९८७ रोजी फुगाझीचा पहिला कार्यक्रम केला. पिचिओटो लवकरच येऊन मिळाला. ‘वेटिंग रूम’ या सुरुवातीच्या गाण्यात बदल स्वच्छ ऐकू येतो. बास एकटाच सुरू होतो, त्याच्या चालीत रेगेचा झोका आहे. ड्रम आणि गिटार येऊन मिळतात, गाणे भरात येते आणि अचानक सगळे थांबते. काही क्षण निव्वळ शांतता, मग पुन्हा एकदम उसळी. ज्या संगीताला श्वास घ्यायचीही उसंत नव्हती, त्यात थांबण्याला ताकद आली.

हेच थांबणे त्यांच्या कार्यक्रमांतही होते. गर्दीत कोणी दुसऱ्याला इजा करू लागले की बँड वाजवणे बंद करी, त्या माणसाला समज देई. ऐकले नाही तर तिकिटाचे पाच डॉलर पाकिटात घालून हातात देत आणि बाहेर काढत. स्वस्त तिकिटामुळे हे जमत असे, कारण परत करायची रक्कम लहान होती. गाण्यांचा क्रमही आधी ठरवलेला नसे. एकाने सुरावट छेडली की इतरांनी ओळखून साथ धरायची. हजारभर कार्यक्रमांपैकी आठशेहून अधिकांचे ध्वनिमुद्रण झाले आणि २०११ पासून ते श्रोत्यांना खुले होऊ लागले. त्यात तेच गाणे कुठे ताणले जाते, कुठे आवाज ओसरून ड्रमच्या हलक्या ठोक्यांवर येते.

अल्बमही या सवडीची साक्ष देतात. ‘इन ऑन द किल टेकर’साठी ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनीकडे केलेले काम बँडला पटले नाही, तेव्हा ते बाजूला ठेवून सगळे नव्याने मुद्रित केले आणि १९९३ मध्ये अल्बम आला. १९९५ च्या ‘रेड मेडिसिन’मध्ये घासलेले, विस्कटलेले आवाज आहेत, २००१ च्या ‘द आर्ग्युमेंट’मध्ये चेलो आणि दुसरा ड्रमवादक. चौदा वर्षांत मुख्य चौघे बदलले नाहीत, वाजवणे मात्र बदलत राहिले.

यावर रास्त आक्षेप असा की मकायकडे डिस्कॉर्ड हे स्वतःचे लेबल होते. ज्याच्याकडे ते नाही, त्याने काय करावे? पण ते लेबल १९८० मध्ये टीन आयडल्स या शाळकरी पोरांच्या बँडच्या साठवलेल्या तुटपुंज्या कमाईतून निघाले होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मोठ्या कंपनीतही चांगले संगीत होतेच. डिस्कॉर्ड सोडून अटलांटिककडे गेलेल्या जॉबॉक्सचा १९९४ चा ‘फॉर युअर ओन स्पेशल स्वीटहार्ट’ खरोखरच उत्तम आहे. मात्र तो बँड १९९७ मध्ये फुटला, आणि २००९ मध्ये त्या अल्बमची नवी आवृत्ती निघाली तेव्हा तिच्यावर पुन्हा डिस्कॉर्डचे नाव होते. एखादा उत्तम अल्बम कुठेही होऊ शकतो. दीर्घ वाढीला मालकी लागते.

उपदेशकीपणाचा आरोप उरतो. ‘सजेशन’मध्ये रस्त्यावर छळ सोसणाऱ्या स्त्रीच्या भूमिकेतून पुरुष गातो, यावर तेव्हाही प्रश्न उठले आणि ते योग्यच होते. तरीही गाणे टिकते, कारण बासची संथ, अडखळती चाल अस्वस्थता साठवत नेते आणि शेवटी दोष ऐकणाऱ्यांच्याही पदरात येतो. इथे भूमिका संगीतातूनच पटवली जाते.

२००२ च्या अखेरीस लंडनमध्ये शेवटचा कार्यक्रम करून बँड थांबला. आज पोस्ट-हार्डकोरमध्ये किंचाळणे, मग गोड धृपद, मग कोसळता आवाज हा क्रम ठरीव झाला आहे. फुगाझीकडून त्यातल्या अनेक बँडांनी आवाज घेतला, सवड घेतली नाही. पाच डॉलरचा दर आज कुणी पाळू शकणार नाही आणि पाळण्याची गरजही नाही. काय वाजवायचे, किती वेळ घ्यायचा आणि कधी थांबायचे हे वाजवणाऱ्यांनीच ठरवायचे, ही त्या दरामागची अट मात्र आजही लागू आहे. तिच्याशिवाय हा प्रकार स्वतःचीच नक्कल करत राहील.