संतचरित्रें आणि सनदांची पारख

कॅथोलिक संतांचा उत्सव बहुधा त्यांच्या पुण्यतिथीस होतो; मृत्युदिन हाच त्यांचा स्वर्गांतील जन्मदिन होय, ही त्यामागील भावना. याच दिनक्रमानें जेज्विट पंडित बोलांड व हेन्शेन यांनीं ‘आक्ता सांक्तोरुम’ ही चरित्रमाला आरंभिली. जानेवारीचे दोन खंड १६४३ सालीं अँटवर्प येथें निघाले. ही रचना उपासकांस सोयीची, इतिहासास मात्र अडचणीची आहे. कारण एकाच शतकांतील संत निरनिराळ्या महिन्यांत विखुरले जातात.

तथापि मूळ पोथ्या ताडून मगच चरित्र स्वीकारण्याची शिस्त या मालेनें घातली, हें तिचें खरें मोल. संशयासही मर्यादा असते, हेंही तिच्यामुळेंच उघड झालें. संपादकांपैकीं पापेब्रोक यानें १६७५ सालीं सें-दनी मठाच्या प्राचीन सनदांवर बनावटपणाचा आक्षेप घेतला. त्यावर बेनेडिक्टिन साधु माबिलाँ यानें १६८१ सालीं ‘दे रे दिप्लोमातिका’ हा ग्रंथ रचून लिपि, मुद्रा, भाषा व कालनिर्देश यांवरून सनदा पारखण्याचें शास्त्रच सिद्ध केलें. पापेब्रोकनें आपली चूक मोकळ्या मनानें मान्य केली.

परंतु कार्मेल संप्रदायाचा आरंभ एलिया प्रेषितापासून झाला, हें मत त्यानें नाकारलें, तेव्हां १६९५ सालीं स्पॅनिश इन्क्विझिशननें या मालेचे खंड निषिद्ध ठरविले. येथें मात्र तो हटला नाहीं. १७१४ सालीं तो वारला. बंदी १७१५ सालीं उठली.

पुराव्यापुढें नमावें, रोषापुढें नमूं नये, हाच धडा दप्तरें धुंडाळणारानें येथून घ्यावा.