हिशेब आणि सभा : पेण-रोह्याच्या संदर्भात एक विचार

सार्वजनिक पैशाच्या विनियोगाविषयी स्थानिक संस्थेला जाब विचारण्याचा नागरिकांना अधिकार आहे, या तत्त्वाविषयी आता फारसा मतभेद उरलेला नाही. हा अधिकार सिद्ध कशाने होतो, हा प्रश्न मात्र अद्याप वादाचा आहे. माहिती खुली झाली की उत्तरदायित्व आपोआप येते, असे अलीकडच्या विवेचनात गृहीत धरलेले दिसते. परंतु ‘उत्तरदायित्व’ या शब्दातच उत्तर आहे. उत्तराला प्रश्न लागतो, आणि प्रश्न विचारण्यास व उत्तर ऐकण्यास एक जागा लागते. ही जागा कायद्याने कोणाला दिली व कोणाला दिली नाही, याची परीक्षा रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या दोन तालुक्यांच्या उदाहरणावरून चांगली होऊ शकते.

या प्रश्नाला महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. १८५० च्या कायद्याने रहिवाशांनी मागणी केल्यास गावात म्युनिसिपालिटी स्थापण्याची सोय झाली. कर देणाऱ्यांची संमती हा त्या कायद्याचा पाया होता. पण एकदा संमती दिल्यावर खर्चाबाबत त्यांना पुन्हा विचारावे, अशी तरतूद त्यात नव्हती. ही उणीव किती मोठी होती, हे पुण्यातील एका प्रसंगावरून ध्यानात येते. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून पुणे म्युनिसिपालिटीचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा ही रक्कम गरिबांच्या शिक्षणासाठी वापरावी, अशी भूमिका घेऊन त्यांनी एकट्याने विरोध केला. ठराव अर्थात संमत झाला. या प्रसंगाची आठवण सहसा फुल्यांच्या निर्भयतेसाठी काढली जाते आणि ते योग्यच आहे. तथापि, त्याची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. फुले सरकारनियुक्त सदस्य होते, म्हणूनच ते सभागृहात बोलू शकले. ज्या गरिबांच्या वतीने ते बोलले, त्यांना तो प्रश्न विचारण्याची जागाच नव्हती. विरोध नोंदला गेला तो सभा होती म्हणून. आणि तो एकाकी राहिला, कारण त्या सभेत नागरिक नव्हते.

आता पेण व रोह्याकडे वळावे. भोगावतीकाठचे पेण आणि कुंडलिकेकाठचे रोहा ही दोन्ही नगरपरिषदेची गावे. भोवतालच्या खेड्यांतून ग्रामपंचायती आहेत. रोह्याजवळच्या औद्योगिक वसाहतीचे धाटावही त्यांतलेच. नगराची हद्द ओलांडून खेड्यात पाऊल टाकले की नागरिकाचा हिशेबाशी असलेला कायदेशीर संबंध बदलतो, ही गोष्ट राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनीही पुरेशी लक्षात घेतलेली नाही. खेड्यातील मतदार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ अन्वये ग्रामसभेचा घटक असतो. वार्षिक जमाखर्च, प्रशासनाचा अहवाल, पुढील वर्षाचे नियोजित काम आणि मागील लेखापरीक्षणाचे शेरे हे सारे त्या सभेपुढे ठेवण्याचे बंधन पंचायतीवर आहे. नगरातील मतदाराला अशी सभा नाही. नगरपरिषदेच्या सभागृहात बोलण्याचा अधिकार सदस्यांचा. नागरिक तेथे फार तर श्रोता असतो.

हा भेद घटनादुरुस्तीनेही मिटला नाही. ७३ व्या दुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान दिले. ७४ व्या दुरुस्तीने नगरांसाठी प्रभाग समित्यांची योजना केली; पण ती तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठीच बंधनकारक आहे. पेण व रोहा या मर्यादेच्या जवळपासही येत नाहीत. क्षेत्रसभेची कल्पना २००९ साली राज्याच्या नागरी कायद्यांत आली, तरी ती व्यवहारात रुजली नाही. परिणामी, महानगराइतके मोठे नसलेले आणि खेड्याइतके लहान न उरलेले गाव घटनेच्या दोन प्रकरणांमधल्या फटीत सापडले. जिथे माणसे एकमेकांना नावाने ओळखतात आणि गटाराचे काम कोणी केले हे साऱ्या आळीला ठाऊक असते, तिथेच जाहीरपणे विचारण्याची सोय नसावी, हा विरोधाभास सहज नजरेआड करण्यासारखा नाही.

यावर असा आक्षेप येईल की, ग्रामसभा तरी कितीशी जिवंत आहे? आक्षेप वाजवी आहे. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढीच असून, तहकूब झालेल्या सभेला तीही लागत नाही. या सवलतीमुळे हिशेब थोड्या माणसांपुढे वाचून संमत करून घेणे शक्य होते. तरीही दुबळ्या ग्रामसभेत एका माणसाने उठून विचारलेला प्रश्न दहा जण ऐकतात, आणि सरपंचाचे मौनही त्या दहा जणांना दिसते. नगरात हे मौन कोणाला दिसतच नाही.

नगरवासीयाच्या हाती दोन साधने उरतात. पहिले लेखापरीक्षण. १९३० च्या स्थानिक निधी लेखापरीक्षा कायद्याने बेकायदा खर्च नामंजूर करून तो संबंधितांवर बसविण्याची तरतूद केली. पण लेखापरीक्षक नियम पाहतो. प्रमाणके, मंजुरी व निविदा बरोबर असल्या की त्याचे समाधान होते. तो रस्ता तिथेच का केला, हे विचारणे त्याचे काम नव्हे. दुसरे साधन माहितीचा अधिकार. २००५ च्या केंद्रीय कायद्याने अंदाजपत्रक, नियोजित खर्च व वितरित रकमा आपण होऊन प्रसिद्ध करण्याचे बंधन सार्वजनिक प्राधिकरणांवर घातले आहे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत, मग अपील आणि अखेर राज्य माहिती आयोगाचे कोकण खंडपीठ, असा त्याचा क्रम आहे. या कायद्याचे मोल मोठे आहे. पूर्वी दप्तरात कुलूपबंद राहणारा कागद त्याने नागरिकाच्या हाती दिला. पण अर्ज एकट्याचा असतो आणि उत्तर टपालाने एकट्याच्याच घरी येते. लहान गावात अर्जदार चटकन ओळखला जातो. त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते. ‘याचा हेतू काय?’ ही चर्चा खर्चाच्या चर्चेची जागा घेते. सभेत विचारलेल्या प्रश्नाला जे संरक्षण इतरांच्या उपस्थितीने मिळते, ते या अर्जाला मिळत नाही.

राज्यातील बहुसंख्य नगरपरिषदांप्रमाणे पेण व रोह्याच्या निर्वाचित सभांची मुदतही २०२२ च्या आसपास संपली आणि डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांपर्यंत कारभार प्रशासकांकडे राहिला. खर्च सुचविणारा व मंजूर करणारा एकच होता. सभा हाच हिशेबाचा आधार मानणाऱ्या विवेचनाला याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. या काळात माहितीचा कायदा पूर्ववत लागू होता. तरी फुल्यांसारखा एखादा विरोध नोंदला जाईल असे सभागृहच नव्हते.

हिशेबाच्या भाषेचाही येथे विचार केला पाहिजे. ज्यांचे बालपण रोह्यात गेले आणि जे १९५२ साली कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले, त्या चिंतामणराव देशमुखांच्या अर्थमंत्रिपदाच्या काळात, १९५५-५६ पासून, केंद्राचे अर्थसंकल्पीय कागद इंग्रजीबरोबर हिंदीतही छापले जाऊ लागले. नगरपरिषदेचे अंदाजपत्रक मराठीत असते. पण त्याची शीर्षे लेखाशास्त्राच्या सोयीने पाडलेली असतात. ‘रस्ते दुरुस्ती’ या एका ओळीत कोणत्या आळीचा रस्ता आहे, हे वाचकाला कळत नाही. मराठीत छापलेला कागद मराठी वाचकाला समजतोच, हा समज येथे खोटा ठरतो. आळीवार मांडलेला जमाखर्च सभेपुढे वाचला जाणार असेल, तरच तो तसा लिहिण्याची गरज कारकुनाला भासेल. हिशेबाची भाषा शेवटी त्याच्या श्रोत्यावर अवलंबून असते.

नागरिकच उदासीन आहेत, ही अखेरची सबब पेण तालुक्यापुरती तरी टिकत नाही. २१ सप्टेंबर २००८ रोजी विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रश्नावर येथील २२ गावांत जिल्हा प्रशासनाने मतदान घेतले. ते बंधनकारक नसतानाही शेतकरी मत नोंदविण्यास बाहेर पडले. विचारले गेले, तेव्हा लोक आले. लहान नगरांतील प्रत्येक प्रभागात वर्षातून किमान दोनदा, एकदा अंदाजपत्रकापूर्वी व एकदा लेखापरीक्षणानंतर, मतदारांची सभा भरविणे कायद्याने बंधनकारक करावे, आणि तीन लाखांची अट हा या मार्गातील अडसर मानू नये. पुणे म्युनिसिपालिटीत एका सदस्याने जे एकट्याने विचारले, ते पेण-रोह्याच्या करदात्यांना आपल्या आळीत उभे राहून विचारता आले पाहिजे.