ठिपकेदार पतंगाचा पुरावा : एक परीक्षण

इंग्लंडमधील बिस्टन बेट्युलेरिया हा पतंग नैसर्गिक निवडीचा साक्षीदार म्हणून पाठ्यपुस्तकांत रूढ झालेला आहे. त्याचे मूळ रूप पांढुरके व ठिपकेदार होय. काळ्या रूपाची नोंद मँचेस्टर येथे १८४८ साली झाली. १८९५ पर्यंत तेथील सुमारे ९८ टक्के पतंग काळे होते. काजळीने काळवंडलेल्या झाडांवर पांढुरके पतंग पक्ष्यांच्या नजरेस सहज पडतात, हे याचे कारण मानण्यात आले.

बर्नार्ड केटलवेल यांनी हे कारण प्रयोगाने तपासले. १९५३ साली बर्मिंगहॅमजवळच्या काजळलेल्या वनात त्यांनी खुणा करून सोडलेल्या ४४७ काळ्या पतंगांपैकी १२३ पुन्हा हाती आले. १३७ पांढुरक्यांपैकी अवघे १८. डॉर्सेटमधील स्वच्छ वनात १९५५ साली निकाल उलट लागला : ४९६ पांढुरक्यांपैकी ६२, तर ४७३ काळ्यांपैकी ३० सापडले.

पुढे आक्षेप निघाले. पतंग दिवसा व दाटीने खोडांवर सोडले होते. निसर्गात ते बहुधा फांद्यांवर विसावतात. ज्युडिथ हूपर यांनी तर २००२ सालच्या ‘ऑफ मॉथ्स अँड मेन’ या ग्रंथात लबाडीचा संशय सूचित केला. पद्धतीवरील आक्षेप रास्त आहेत. लबाडीच्या संशयास मात्र आधार नाही. शिवाय, पद्धतीतील दोषाने निवडीची मात्रा अनिश्चित होते, दिशा नव्हे. रीत तीच असता दोन वनांत परस्परविरुद्ध निकाल का यावेत, याचा उलगडा केवळ कृत्रिमतेने होत नाही.

आक्षेपांचे खरे उत्तर मायकेल मजेरस यांनी दिले. २००१ पासून सहा वर्षे केंब्रिज येथे त्यांनी ४,८६४ पतंग रात्री व विरळपणे सोडले आणि विसाव्याची जागा त्यांनाच निवडू दिली. पक्ष्यांनी काळे पतंगच अधिक प्रमाणात टिपले. हे निष्कर्ष मजेरस यांच्या निधनानंतर, २०१२ साली प्रसिद्ध झाले. दरम्यान, १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर धूर ओसरत गेला व काळे रूपही विरळ होत गेले. हा पुरावा केटलवेल यांच्या प्रयोगावर मुळीच अवलंबून नाही.

तेव्हा हे उदाहरण पाठ्यपुस्तकांतून वगळणे अनुचित ठरेल. ते नेमके मांडणे मात्र अगत्याचे आहे. धुराने काळा रंग निर्माण केला नाही. आधीच उद्भवलेल्या भेदास त्याने अनुकूलता दिली. त्यातून एका जातीच्या अंतर्गत रूपांचे प्रमाण बदलले, नवी जाती उत्पन्न झाली नाही. इतक्याच मर्यादेत हा पुरावा मांडला, तर तो भक्कम आहे.