दोन्ही बाजूंत तथ्य आहे

एक माणूस १९१९ साली ‘नीतिशास्त्रप्रवेश’ नावाचं पुस्तक लिहितो. पाश्चात्त्य आणि भारतीय नीतिविचार मराठीत शिस्तीत मांडणारं पुस्तक. या माणसाच्या कादंबऱ्या त्याआधीच सुरू झालेल्या आहेत: १९१५ मध्ये ‘रागिणी’, १९१६ मध्ये ‘आश्रमहरिणी’. नीतिशास्त्र लिहून झाल्यावरही तो थांबत नाही. ‘नलिनी’ येते, १९३० मध्ये ‘सुशीलेचा देव’ येते, मग ‘इंदू काळे व सरला भोळे’. चांगलं काय आणि वाईट काय हे ज्याला प्रकरणं पाडून सांगता येतं, त्याला कादंबरी कशाला लागते?

वामन मल्हार जोशी (१८८२–१९४३). रायगड जिल्ह्यातल्या तळ्याचे. तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. झालेले. मराठी साहित्याच्या इतिहासात त्यांच्या नावापुढे ‘तात्त्विक कादंबरी’ असं लेबल लावलेलं असतं, आणि हे लेबल वाचून आपण पुस्तक परत कपाटात ठेवतो. मीही बरीच वर्षं ठेवलं होतं. आमच्या बदलापुरात ‘ग्रंथसखा’सारखं जुनी मराठी पुस्तकं जपणारं वाचनालय आहे, म्हणून निदान ती कपाटं तरी समोर होती.

आधी कादंबरी कशाला, याचं माझ्यापुरतं उत्तर सांगतो. आयटीत काम करणाऱ्या प्रत्येकाला वर्षातून एकदा एथिक्सचं ऑनलाइन ट्रेनिंग करावं लागतं. एका सप्लायरने दिवाळीला तुम्हाला चांदीचं नाणं दिलं, तुम्ही काय कराल? चार पर्याय. बरोबर उत्तर बहुतेक वेळा ‘मॅनेजरला कळवा’ हेच असतं आणि ते सहसा सगळ्यात लांबलचक पर्यायात असतं. दहा मिनिटांत सर्टिफिकेट. त्यात चुकीचं काही नाही. फक्त खऱ्या आयुष्यात प्रश्न कुणी प्रश्न म्हणून समोर ठेवत नाही. आपण एका नैतिक पेचात आहोत, हे कळेपर्यंतच अर्धा पेच उरकलेला असतो. नीतिशास्त्राचं पुस्तक पेच ओळखल्यानंतर सुरू होतं. कादंबरी त्याच्या आधीपासून सुरू होऊ शकते.

पण ‘रागिणी’ वाचायला घेतली की पहिल्यांदा उलटाच अनुभव येतो. तिचं पूर्ण नाव ‘रागिणी अथवा काव्यशास्त्रविनोद’, आणि त्या नावाला ती इमानदारीने जागते. माणसं बसतात आणि वाद घालतात. स्त्रीशिक्षण, स्त्रियांचे हक्क, लग्न, पातिव्रत्य, धर्म. एका बाजूला सोसणारी, पातिव्रत्यावर श्रद्धा असलेली रागिणी. दुसऱ्या बाजूला बरोबरीचा हक्क मागणारी, वाद जिंकू शकणारी उत्तरा. आणि लेखक? लेखक दोघींनाही उत्तम वकील देतो. ज्याचं म्हणणं त्याला पटत नाही त्याच्या तोंडीसुद्धा तो कच्चा युक्तिवाद घालत नाही. आजच्या कमेंट सेक्शनमध्ये वाढलेल्या माणसाला ही गोष्ट जवळजवळ परग्रहावरची वाटते. आपण विरोधकाचा सगळ्यात मूर्ख मुद्दा स्क्रीनशॉट काढून फिरवतो. वामनराव त्याचा सगळ्यात बळकट मुद्दा शोधून, घासूनपुसून, त्याच्या हातात देतात.

यावरून त्यांची थट्टाही झाली. हेही खरं आणि तेही खरं म्हणणारा, कुठेच ठाम न उतरणारा लेखक, असा शिक्का त्यांच्यावर बसला. मला तो अर्धवट वाटतो. ठाम राहण्याची किंमत त्यांनी वयाच्या सव्विसाव्या वर्षीच मोजली होती. कोल्हापूरच्या ‘विश्ववृत्त’ मासिकात श्रीपाद दामोदर सातवळेकरांचा एक लेख छापून आला, सरकारला तो राजद्रोही वाटला, आणि १९०८ मध्ये प्रा. विजापूरकरांबरोबर वामनरावांनाही तीन वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्याच्या लेखासाठी तुरुंगात जाऊन आलेल्या माणसाला भित्रा म्हणणं अवघड आहे. दोन्ही बाजू मांडणं ही त्यांची पळवाट नव्हती, पद्धत होती. सॉक्रेटिसाचे संवाद मराठीत आणणाऱ्या माणसाची पद्धत आणखी कोणती असणार?

तरी ‘रागिणी’ वाचून मी अस्वस्थ झालो, आणि त्याचं कारण त्या कादंबरीपेक्षा आमच्या नात्यातल्या एका बैठकीत जास्त सापडलं.

सून अंधेरीला नोकरी करते. घर बदलापूर पूर्वेला. सकाळी सहा चाळीसची लोकल, रात्री घरात पाऊल पडायला नऊ. मूल दोन वर्षांचं. तिने नोकरी चालू ठेवावी की सोडावी, यावर रविवारी सगळे जमले. आणि खरं सांगतो, बैठक अजिबात वाईट नव्हती. कुणी आवाज चढवला नाही. सासरे म्हणाले, तिच्या शिक्षणाचाही विचार व्हायला हवा. काका म्हणाले, पण मुलाचंही वय आहे. मग कुणीतरी म्हणालं, होम लोनचा हप्ता दोघांच्या पगारावर आहे हे विसरू नका. शेवटी काकांनी समारोप केला, “दोन्ही बाजूंत तथ्य आहे.” हे सगळं चाललं तेव्हा सून आत चहा गाळत होती. बाहेर आली तेव्हा तिला निकाल सांगण्यात आला की अजून निकाल झालेला नाही. म्हणजे सोमवारी परत सहा चाळीसची लोकल, आणि संध्याकाळी परत तोच प्रश्न.

‘रागिणी’तल्या वादांची अडचण हीच आहे. वाद निःपक्षपाती असतो, पण वादाचं बिल एकाच बाजूला जातं. रागिणी जे सोसते ते तिच्या अंगावर येतं. तिच्या सोसण्यावर जे बोलतात त्यांच्या अंगावर काही येत नाही. दोन बाजूंपैकी एक बाजू बोलणाऱ्याची आणि एक भोगणाऱ्याची असेल, तर दोघांना सारखा वेळ देणं म्हणजे समतोल नव्हे. तराजूच्या एका पारड्यात आधीच माणूस बसलेलं असतं. वामनरावांना हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही. ‘आश्रमहरिणी’त ऋषींच्या आश्रमाचा काळ घेऊन त्यांनी विधवेच्या पुनर्विवाहाचा प्रश्न उभा केला, म्हणजे बिल कुणाकडे जातं हे त्यांना दिसत होतं. पण ‘रागिणी’ला स्वतःच्या वादांची इतकी गोडी लागली आहे की तिची सहानुभूती सोसणाऱ्या बाईपेक्षा सोसण्याच्या थोरवीकडे सरकते. हे शंभर वर्षांनंतर वाचताना खटकतं, आणि खटकलं पाहिजे.

मग पंधरा वर्षांनी ‘सुशीलेचा देव’.

मधल्या काळात वामनराव पुण्याजवळ हिंगण्याला, कर्व्यांच्या स्त्रीशिक्षणाच्या कामात शिकवत होते. समोर रोज मुली आणि विधवा. एखाद्या लेखकाची कादंबरी का बदलली याचं कारण त्याच्या नोकरीत शोधणं जरा स्वस्तातलं आहे, म्हणून मी त्यावर जोर देत नाही. पण कादंबरी बदलली हे नक्की. यात मुख्य वाद दोन माणसांमध्ये नाही, एकाच बाईच्या आत आहे, आणि तो अनेक वर्षं चालतो. सुशीलेचा देव लहानपणी देवघरातला असतो. मग आयुष्य जसं पुढे सरकतं तशी देवाची कल्पना बदलत जाते आणि शेवटी ती मूर्तीपाशी न थांबता ध्येयापाशी, चांगुलपणापाशी येते. इथे ‘हेही खरं, तेही खरं’ म्हणायला वाव आहे, पण ते बिनखर्चाचं उरत नाही. कालचा देव खरा होता आणि आजचाही खरा आहे असं जी म्हणते, तिला मधली वर्षं जगावी लागलेली असतात. वाद घालणारी आणि भोगणारी एकच व्यक्ती झाली आणि ‘रागिणी’तला घोटाळा सुटला. माझ्या मते वामन मल्हारांची ही सर्वात मोठी उडी, आणि ती युक्तिवादाची नाही, रचनेची आहे.

या ठिकाणी आयरिस मर्डॉक आठवते. ऑक्सफर्डला तत्त्वज्ञान शिकवणारी आणि सव्वीस कादंबऱ्या लिहिणारी. ‘द सॉव्हरिन्टी ऑफ गुड’ हे तिचं पुस्तक १९७० चं. देवाची जागा रिकामी झाल्यावर तिथे ‘चांगलं’ ठेवता येईल का, हा तिचा आयुष्यभराचा प्रश्न. सुशीला मराठीत त्याच वाटेवर चाळीस वर्षं आधी चालली होती. मर्डॉकचं सर्वात गाजलेलं उदाहरण तर आपल्यासाठीच लिहिल्यासारखं आहे: सासू आणि सून. सासूला सून उथळ आणि आरडाओरडा करणारी वाटते, पण वागण्यात ती काही दाखवत नाही. मग ती स्वतःलाच म्हणते, मी जरा परत बघते. आणि हळूहळू तिला तीच सून उथळ नाही तर मोकळी, आणि गोंगाट करणारी नाही तर आनंदी दिसू लागते. बाहेर काहीच घडलेलं नाही. तरी नैतिक दृष्ट्या काहीतरी घडलं, असं मर्डॉकचं म्हणणं. नीती म्हणजे निवड करण्याआधी नीट बघणं.

अंबरनाथच्या शिवमंदिरात गेलात तर हे दोघंही एकदम आठवतील. शके ९८२ चं, म्हणजे १०६० चं मंदिर. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. खाली गार अंधार. वर येऊन बाहेर पडलं की शेजारी वालधुनी, जी पुढे उल्हासनगरातून कल्याणकडे जाते आणि वाटेत कारखान्यांचं आणि गटारांचं सगळं पोटात घेते. महाशिवरात्रीला तासन्‌तास रांगेत उभे राहणारे लोक नाकाला रुमाल लावून ती ओलांडतात. त्यांची श्रद्धा खोटी आहे असं मी म्हणणार नाही. सुशीलेचा पहिला देवही खोटा नव्हता. पण तिचा शेवटचा देव तिला त्या पाण्याकडे बघायला लावेल.

लावेल, असं मी म्हणतोय. वामनरावांनी स्वतः ते पाणी वर्णन केलं असतं का, याची मला शंका आहे. त्यांची खरी उणीव तीच. त्यांची माणसं जितकी ऐकू येतात तितकी दिसत नाहीत. मुद्दा लक्षात राहतो, चेहरा राहत नाही. मर्डॉकने ब्रायन मॅगींना दिलेल्या टीव्हीवरच्या मुलाखतीत तत्त्वज्ञान आणि साहित्य या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत असं निक्षून सांगितलं होतं. वामनरावांनी ती भिंत कधी बांधलीच नाही, आणि कधी कधी कादंबरीच्या घरात नीतिशास्त्राचं सामान इतकं होतं की माणसांना बसायला जागा उरत नाही.

‘इंदू काळे व सरला भोळे’मध्ये त्यांनी यावर एक युक्ती काढली: पत्रं. कला मोठी की नीती, हा वाद तेव्हा फडके-खांडेकरांच्या नावाने मराठीत गाजत होता. वामनरावांनी तो पत्रांत वाटून टाकला. पत्राचा एक मोठा फायदा म्हणजे ते लिहिणाऱ्याला मध्येच कुणी तोडू शकत नाही. चहा गाळायला उठवू शकत नाही. आणि पत्रांच्या वर बसून निकाल देणारा निवेदकही नाही. प्रत्येकाला आपलं म्हणणं आपल्या आवाजात पूर्ण करता येतं, आणि काकांचा समारोप कुणीच करत नाही.

वाचायचं असेल तर ‘रागिणी’पासून सुरुवात करू नका, ‘सुशीलेचा देव’पासून करा. लेखकाच्या मृत्यूला साठ वर्षं होऊन गेली, त्यामुळे २००४ पासून ही पुस्तकं कॉपीराइटमधून मुक्त आहेत आणि स्कॅन केलेल्या प्रती इंटरनेटवर सापडतात. छपाई फिकट आहे, फोनवर जोडाक्षरं दोन बोटांनी मोठी करून वाचावी लागतात. त्यामुळे वाचण्याचा वेग कमी होतो, आणि या लेखकाला तो मानवतो.