सद्गुणी स्त्रीची न वाचलेली वचने

नीतिसूत्रे या ग्रंथाची सांगता ३१व्या अध्यायातील सद्गुणी स्त्रीच्या स्तुतिकाव्याने होते. हे २२ वचनांचे काव्य इब्री वर्णमालेच्या २२ अक्षरांवर क्रमाने गुंफलेले आहे. एखादे वचन वगळले तरी ती माळ तुटते. मिस्सात मात्र ते आपणापर्यंत खंडशः पोहोचते. 'अ' वर्षातील सामान्य काळाच्या ३३व्या रविवारी १० ते १३, १९-२० आणि ३०-३१ एवढीच वचने वाचली जातात. पतीचा विश्वास, हातातील चाती, दीनांसाठी पसरलेला हात आणि परमेश्वराचे भय आपण ऐकतो.

मग वगळले जाते ते काय? १६व्या वचनात ही स्त्री शेत पारखून विकत घेते व स्वकमाईतून द्राक्षमळा लावते. १८व्यात आपल्या व्यापाराची किफायत जोखते. २४व्यात तागाची वस्त्रे करून विकते. तिची व्यवहारबुद्धीच नेमकी गळते. आणि त्याच रविवारच्या शुभवर्तमानात द्रव्य पुरून ठेवणाऱ्या दासाला धनी दोष देतो!

या वगळलेल्या वचनांचे भाष्य आम्हांला बचत गटांच्या वह्यांत आढळते. १९७४ साली अहमदाबादेत 'सेवा'च्या ४,००० कष्टकरी स्त्रियांनी प्रत्येकी १० रुपयांचा भाग घेऊन स्वतःची बँक उभारली. १९९२ मध्ये नाबार्डने ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग आरंभिला. दहा-वीस स्त्रिया दरमहा ठरलेली रक्कम जमवितात, त्यातूनच एकमेकींना कर्ज देतात. पुढे बँक कर्ज देते, ते तारणावर नव्हे, गटाच्या पतीवर.

येथे काव्याची मर्यादाही जाणवते. त्यातील गृहिणी संपन्न आहे, तिच्या घरी दासी आहेत. पण सोबतीण एकही नाही. गटातील स्त्रीपाशी शेत नसते, शेजारीण असते.

मात्र काव्य गटांचीही परीक्षा घेते. कर्ज तिच्या नावे आणि पैसा नवऱ्याच्या हाती, असे घडते तेव्हा तिच्या वाट्याला केवळ हप्ते उरतात. शेवटच्या वचनाची मागणी तर अशी, की तिच्या श्रमांचे फळ तिलाच मिळावे. हे वचन वाचनात आहे. परंतु ते फळ कसे पिकले, हे सांगणारी वचने नाहीत. धर्मग्रामातील महिला मंडळांनी व बचत गटांनी एकदा एकत्र बसून हे काव्य १०व्या वचनापासून ३१व्यापर्यंत सलग वाचावे, एवढीच आमची विनंती आहे.