महाविद्यालयांची नवी उतरंड

केंद्र सरकारने सप्टेंबर २०१५ मध्ये 'राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी आराखडा' नावाची एक चीज जाहीर केली आणि एप्रिल २०१६ मध्ये तिच्या आधारे देशातल्या उच्च शिक्षण संस्थांची पहिली यादी लावली. तेव्हापासून दरसाल यादी येते. वर्तमानपत्रे ती छापतात, वर चढलेले पेढे वाटतात, खाली घसरलेले समिती नेमतात. यादी सगळे वाचतात. ती ज्या सूत्रांतून निघते तो आराखडा मात्र फार थोडे वाचतात. साहित्याचा अभ्यासक एखादा ग्रंथ जसा वाचतो तसा मी तो वाचला : लेखकाने काय म्हटले आहे, काय गाळले आहे आणि वाचक म्हणून त्याच्या डोळ्यांसमोर कोण आहे, हे पाहत. सरकारी कागद हादेखील एक मजकूर असतो आणि प्रत्येक मजकुराला आपली एक मूल्यव्यवस्था असते.

महाविद्यालयांसाठी वजने अशी आहेत. अध्यापन व साधने यांना ४०, संशोधनाला १५, पदवीच्या फलिताला २५, समावेशकतेला १० आणि नावलौकिकाला १०. शेवटचे दोन आकडे वाचकांनी पुन्हा एकदा पाहावेत. महाविद्यालयाने कोणाला दार उघडले याला दहा आणि मान्यवरांच्या मनात त्या महाविद्यालयाची प्रतिमा काय आहे यालाही दहाच! बरे, समावेशकतेचे हे दहा गुण तरी आपल्या वाट्याला येतात काय? तर तेही नाही. त्यात चार वाटेकरी आहेत. परप्रांतातून व परदेशातून आलेले विद्यार्थी, स्त्रिया, अपंगांसाठीच्या सोयी आणि आर्थिक-सामाजिकदृष्ट्या मागे ठेवलेले विद्यार्थी. या चौथ्याच्या पदरात शंभरापैकी जेमतेम दोन-अडीच गुण पडतात.

त्या दोन-अडीच गुणांचे सूत्र तर मुळातून वाचण्यासारखे आहे. तिथे मोजले जाते ते एवढेच की किती टक्के विद्यार्थ्यांचे संपूर्ण शिक्षणशुल्क परत केले गेले. सूत्राच्या मजकुरात 'संस्थेकडून' असे शब्द आहेत. माहितीच्या तक्त्यात सरकारकडून, संस्थेकडून आणि खाजगी देणगीदारांकडून असे तीन वेगळे रकाने आहेत. म्हणजे सामाजिक प्रश्नाचे रूपांतर फीच्या पावतीत झाले. राखीव जागा भरल्या की रिकाम्या ठेवल्या, पहिल्या वर्षाला आलेली मुले तिसऱ्या वर्षापर्यंत टिकली की गळाली, वसतिगृहात जागा कोणाला मिळाली, तोंडी परीक्षेत आडनाव ऐकून गुण कोणी कापले, यांपैकी काहीही या सूत्राला विचारायचे नाही. आणखी एक गंमत पाहा. तक्त्यात 'सामाजिकदृष्ट्या वंचित' असा एकच रकाना आहे आणि त्यात अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्ग अशी सगळ्यांची एकत्र बेरीज लिहायची आहे. एखाद्या महाविद्यालयात पारधी वा कातकरी समाजाचा एकही विद्यार्थी नसला तरी बेरीज भरघोस दिसू शकते. उतरंडीतल्या मडक्यांची संख्या सांगायची. कोणते मडके तळाशी दबले आहे, ते सांगायचे नाही!

परप्रांतीय विद्यार्थ्यांचा निकषही असाच बोलका आहे. बीड, परभणी, किनवट, धडगाव अशा ठिकाणच्या महाविद्यालयात बाहेरच्या राज्यातून कोण येणार? तिथे येतो तो ऊसतोड कामगाराचा मुलगा. हंगामात घरदार कारखान्यावर गेले की आजीजवळ मागे राहिलेला. तिथे येते ती पंधरा किलोमीटरवरच्या तांड्यावरची मुलगी, एस.टी.ची फेरी रद्द झाली की तिचा दिवस बुडतो. हे महाविद्यालय नसते तर या दोघांचे शिक्षण बारावीलाच संपले असते. पण आराखड्याच्या दृष्टीने असे महाविद्यालय 'विविधतेत' शून्यवत् ठरते. दिल्लीच्या महाविद्यालयात दहा राज्यांतली सुखवस्तू मुले एकत्र आली की ती विविधता. आणि एका तालुक्यातल्या वीस जातींची मुले इतिहासात प्रथमच एका बाकावर बसली, तर तिला विविधता म्हणायचे नाही. विविधता नकाशावरच्या अंतरावर मोजायची की समाजातल्या अंतरावर, हा साधा प्रश्न आहे आणि आराखड्याने नकाशा निवडला आहे.

अध्यापन आणि साधने यांचे चाळीस गुण वरवर निर्मळ वाटतात. पूर्णवेळ शिक्षक किती, पीएच.डी. झालेले किती, दर विद्यार्थ्यामागे खर्च किती. परंतु महाराष्ट्रातल्या अनुदानित महाविद्यालयांत प्राध्यापकभरती वर्षानुवर्षे अडवून ठेवलेली आहे आणि तासिका तत्त्वावरची, म्हणजे ज्यांना आपण सीएचबी म्हणतो ती माणसे वर्ग चालवीत आहेत. त्यांत नेट-सेट झालेले, डॉक्टरेट मिळवलेले आपले कितीतरी तरुण आहेत. पद सरकार भरत नाही, पद रिकामे म्हणून गुण महाविद्यालयाचे कापले जातात आणि कापलेले गुण पाहून पालक म्हणतात, हे महाविद्यालय नको. विहिरीवर पाणी भरू द्यायचे नाही आणि वर म्हणायचे, हे लोक अस्वच्छ राहतात. हा न्याय आपल्या परिचयाचा आहे!

मात्र या आराखड्यातला सर्वांत जुना ओळखीचा चेहरा मला दिसतो तो नावलौकिकाच्या निकषात. मालक मंडळी आणि विद्वान मंडळी यांना विचारायचे, तुमच्या मते चांगली संस्था कोणती? ज्याने ज्या महाविद्यालयाचे नाव ऐकले आहे तेच तो सांगणार, आणि नाव ऐकलेले असते ते शंभर वर्षे ज्यांना ऐकवायची सोय होती त्यांचे. दलित साहित्य पुढे आले तेव्हा प्रस्थापित समीक्षेने आपल्याला हेच ऐकवले होते. रसिकमान्यता आहे काय? अभिजात कसोटीला उतरते काय? रसिक कोण, कसोटी कोणाची, हे विचारायला आपल्याला काही वर्षे लागली. पण आपण ते विचारले. 'पर्सेप्शन' हे त्याच रसिकमान्यतेचे सरकारी भाषांतर होय. फरक एवढाच की तेव्हा ती मासिकांच्या संपादकीय खोलीत राहत होती, आता तिला दशांश चिन्हापुढे दोन आकडे मिळाले आहेत आणि त्यामुळे ती शास्त्रीय दिसू लागली आहे.

आकडा म्हटला की माणूस वाकतो. म्हणून कोलंबिया विद्यापीठाचे प्रकरण आपण नीट समजून घेतले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात तिथे शिकले म्हणून त्या नावाविषयी आपल्या मनात एक जिव्हाळा आहे. अमेरिकेत १९८३ पासून एक साप्ताहिक महाविद्यालयांची क्रमवारी छापू लागले. २०२१ च्या शरदातल्या यादीत कोलंबिया दुसऱ्या स्थानी होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथलेच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी विद्यापीठाने पुरवलेले आकडे तपासून जाहीर केले. वीसपेक्षा कमी विद्यार्थी असलेले वर्ग ८२.५ टक्के, असे विद्यापीठ सांगत होते. थॅडियस यांचा हिशेब ६२.७ ते ६६.९ टक्क्यांच्या दरम्यान आला. पुढे विद्यापीठाने काही आकडे चुकीच्या पद्धतीने काढले गेल्याची कबुली दिली, सप्टेंबर २०२२ च्या यादीत ते अठराव्या स्थानी गेले, आणि २०२३ च्या जूनमध्ये त्याने पदवी अभ्यासक्रमांच्या त्या क्रमवारीला माहिती देणेच थांबवण्याचे जाहीर केले. आता विचार करा. त्या एका वर्षात तिथले शिक्षक बदलले नाहीत, ग्रंथालय जळाले नाही, नदी सरकली नाही. दुसऱ्याचे अठरावे झाले ते कागदावर. आपल्याकडेही माहिती संस्थाच भरून देतात. महाविद्यालयांत ती भरण्यासाठी समित्या असतात. त्यांतल्या एका समितीवर मीही बसलो आहे. तिथे शिकवण्याची चर्चा फारशी होत नाही. कोणता रकाना कसा 'वाढवता' येईल, याची होते.

इथे आपल्यातलेच काही मित्र मला अडवतात. ते म्हणतात, "आपल्या पोरांना शहरात कोणी काका-मामा नाही. कोणते कॉलेज चांगले, हे सांगणारे घरात कोणी नाही. छापील यादी हा त्यांचा काका आहे. तीही तुम्ही काढून घेता काय?" हा आक्षेप मी हलका मानत नाही. उच्चवर्णीयांची मुले यादीवाचूनही योग्य दारात पोचतात; यादी लागते ती आपल्याला. शिवाय या आराखड्याने संस्थांचे माहितीतक्ते सर्वांसाठी खुले केले, हे त्याचे चांगले काम आहे आणि ते मान्य केले पाहिजे. पण माहिती उघडी करणे वेगळे आणि माहितीची उतरंड रचणे वेगळे. मुलाला हवे असते ते हे : तिथे वसतिगृह आहे काय, माझ्यासारखी किती मुले आली आणि किती पास होऊन बाहेर पडली. अठ्ठेचाळीसावा क्रमांक त्याला यांतले काहीच सांगत नाही. देशात २०२१-२२ साली ४५,४७३ महाविद्यालये नोंदलेली होती. पहिल्या शंभरांना स्वतंत्र क्रमांक मिळतो, पुढच्या काहींना गटात बसवले जाते. बाकीचे सारे गावकुसाबाहेर. आपली बहुसंख्य मुले तिथेच शिकतात.

आणि या क्रमांकाला आता पैशाचे बळ मिळाले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तारणाशिवाय, जामिनाशिवाय शैक्षणिक कर्ज. ज्याच्या बापाकडे तारण ठेवायला जमिनीचा तुकडा नाही त्याच्यासाठी याहून चांगली गोष्ट कोणती? परंतु अट अशी की प्रवेश 'दर्जेदार' संस्थेत हवा. आणि दर्जा ठरणार याच क्रमवारीवरून. शंभराच्या आतल्या संस्था, राज्य सरकारच्या असतील तर दोनशेपर्यंतच्या, आणि केंद्राच्या सर्व. सुरुवातीला अशा संस्था ८६० भरल्या. तालुक्याच्या महाविद्यालयातल्या भूमिहीनाच्या मुलीची फी थोडी असेल, पण खोलीचे भाडे आणि खानावळ तिलाही चुकत नाही. तिचे महाविद्यालय यादीत नाही म्हणून ती या कर्जाला पात्र नाही. महाराष्ट्र सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतही जागतिक क्रमवारीत तीनशेच्या आतले विद्यापीठ हवे, ही अट होती. पुढे ती दोनशेवर आणली गेली. ज्या क्यू.एस. क्रमवारीचा तिथे आधार घेतात, तिच्यात विद्वानांमधल्या लौकिकाला दीर्घकाळ ४० टक्के वजन होते आणि आज ३० टक्के आहे. बडोदा सरकारने १९१३ साली बाबासाहेबांकडून लिहून घेतले ते परतल्यावर दहा वर्षे नोकरी करण्याचे. विद्यापीठाचा क्रमांक त्या करारात नव्हता.

क्रमवारी काय पाहत नाही, याचे एक उदाहरण मला टाळता येत नाही. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद केंद्रीय विद्यापीठात, वसतिगृहाबाहेर काढलेल्या पाच संशोधक विद्यार्थ्यांपैकी रोहित वेमुला याने जीवन संपवले. ४ एप्रिल २०१६ रोजी पहिली यादी आली. तीत विद्यापीठांच्या गटात हे विद्यापीठ चौथे होते. यादीतली माहिती आधीच्या वर्षांची होती, हे मला ठाऊक आहे. परंतु त्यानंतर इतक्या याद्या आल्या; वसतिगृहातून कोणाला काढले, किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, असा रकाना एकाही आवृत्तीत गुणांना पात्र ठरला नाही.

मग दुसरी मोजपट्टी असू शकते काय? ती आपल्याजवळ होती. पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना १९४५ ची. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले आणि नोकरी करणाऱ्यांसाठी तिथे सकाळचे वर्ग भरू लागले. १९५० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय निघाले. तेच पुढचे मिलिंद. मराठवाड्यात तेव्हा उच्च शिक्षणाची सोय नगण्य होती. नागसेनवनात आलेल्या मुलांच्या पदवीचे 'फलित' या आराखड्याने कसे मोजले असते? त्यांचा मधला पगार काढून? त्या आवारातून कविता आली, आत्मकथने आली, चळवळी आल्या. आणि ज्यांच्या घरात अक्षर नव्हते त्यांच्या घरात पुस्तकांची मांडणी आली. या आराखड्यात पहिल्या पिढीचा विद्यार्थी असा रकानाच नाही. बापाने सही केलेली मुलाची प्रगतिपुस्तिका आणि बापाने अंगठा उठवलेली प्रगतिपुस्तिका त्याला सारखीच.

आरक्षणाने दर्जा घसरतो असे सांगणाऱ्यांना एक गोष्ट त्यांच्याच यादीतून दाखवता येते. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी पहिल्या शंभर महाविद्यालयांत तिसऱ्या हिश्शाहून अधिक महाविद्यालये एकट्या तमिळनाडूची होती. तिथे ६९ टक्के आरक्षण आहे. महाराष्ट्राची मात्र बोटांवर मोजावी इतकीच. (ज्या पट्टीला मी नाकारतो तिचाच दाखला देतो, असे कोणी म्हणेल. म्हणू दे. विरोधकाच्या वहीतला पुरावा वापरायला हरकत नसते.)

माझी मागणी छोटी आहे. क्रमांक लावायचे असतील तर लावा; पण प्रत्येक संस्थेच्या नावापुढे तीन आकडे छापा. अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त आणि इतर मागास यांचे प्रवेश वेगवेगळे. त्यांतून वेळेत पदवी घेऊन बाहेर पडलेले वेगवेगळे. आणि ज्यांच्या घरात यापूर्वी कोणीच महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते असे किती. शिक्षकांच्या बाबतीत मंजूर पदे किती, त्यांतली राखीव किती आणि रिकामी किती, तेही त्याच ओळीत. ही सारी माहिती प्रत्येक प्राचार्याच्या कपाटात आजही आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज, जातपडताळणीची प्रमाणपत्रे, बिंदुनामावली, परीक्षेचे निकाल, सगळे एकाच खोलीत असते. आमच्या समितीच्या बैठकीत मी हे सुचवले तेव्हा एक सहकारी म्हणाले, "सर, याला मार्क नाहीत."